लिंगण्णाच्या डब्याचं रबर

१

लिंगण्णा पडला तेव्हा आम्ही सगळे हसत होतो. सगळ्यात मोठ्यानं मी, कारण खोडी माझी होती.

आमच्या बळ्ळारीत नवी जीन्स जुनी करून विकतात. सरोजक्काच्या वॉशिंगमध्ये मी सँडपेपरनं मांड्यांवर घासून रेघा पाडतो, मल्लेश जांभळं औषध फवारतो, आणि लिंगण्णा ती पँट मोठ्या स्टीलच्या ड्रममध्ये घालून आत ओझोन सोडतो. पाणी नाही, ब्लीच नाही, नुसत्या गॅसनं निळा रंग उडतो. दुपारी चारला चहा येतो. लिंगण्णा ड्रमवरनं उठतो, नळावर तोंड धुतो, दोरीवरचा लाल चौकड्याचा टॉवेल ओढतो आणि तोंडावर खसाखसा फिरवतो. मंगळवारी त्या टॉवेलात मी चिमूटभर तपकीर चोळून ठेवली होती.

सात शिंका. आम्ही मोजल्या.

"एर्री, तुझ्या मड्यावर..." एवढं तो म्हणाला आणि खोकायला लागला. आम्ही अजून हसलो. खोकला थांबेना. तो गुडघ्यावर बसला, ओठांवर फेस आला, आणि त्या फेसाला गुलाबी रंग होता. मग कुणी हसेना.

संध्याकाळी फौजदार हंपण्णा दवाखान्याच्या व्हरांड्यात आले. त्यांच्या हातात माझी तपकिरीची डबी होती. माझ्या टेबलाच्या फळीवरनं उचललेली.

"तुझी?"

"माझीच, सर."

त्यांनी झाकण काढलं आणि माझ्या नाकाखाली धरलं. तपकिरीत पांढरी पावडर मिसळलेली होती. भपकन वास आला. ब्लीचिंग पावडर.

"उद्या दुपारी बारापर्यंत ठाण्यात ये," फौजदार म्हणाले. "त्याच्या आत तो गेला तर मीच येतो न्यायला."

मी डबीकडं बघतच राहिलो. आयुष्यात इतक्या लोकांच्या चपला लपवल्या, चहात मीठ घातलं, की एक क्षण मलाच वाटलं, बाबा, आपणच तर नाही ना घातलं हे?

२

सकाळी सात वाजता मी वॉशिंगच्या फाटकाबाहेर बसलो होतो. आत जायचा धीर होईना. काम बंद होतं. शेजारच्या घरातनं पद्मा टीचर थाळी घेऊन आल्या. मला आठवीत विज्ञान शिकवायच्या. दोन वर्षं, कारण आठवीत मी दोन वर्षं होतो.

"एर्रिस्वामी, हे तुझं काम?"

थाळीत तांदळाचे सांडगे होते आणि त्यांच्यावर काळे ठिपके.

"टीचर, पहिल्यांदाच खरं सांगतो. मी नाही."

"काल साडेचारला गच्चीवर गेले, तर वरनं काजळी पडत होती. तेलकट. तुमचा बॉयलर शेंगांच्या टरफलांवर चालतो, त्याचा धूर पांढरट असतो. हा रबराचा होता. कुणी टायर जाळला?"

"साडेचारला कोण टायर जाळील? आम्ही तर लिंगण्णाला..." रस्त्यात, म्हातारीसमोर, सत्तेचाळीस वर्षांचा माणूस मी रडलो.

त्यांनी थाळी कठड्यावर ठेवली आणि सगळं ऐकून घेतलं. मग सहानुभूती वगैरे काही नाही, एकच प्रश्न.

"टॉवेल कुठाय?"

टीचरच्या मागोमाग मी आत गेलो. टॉवेल नळाजवळच चिखलात पडला होता. टीचरनी तो काडीनं उचलून उन्हात धरला.

"रंग बघ."

"लाल आहे."

"कसा लाल?"

"लालभडक. गेल्या आठवड्यात सणाला घेतलाय."

"ओल्या तोंडावर फिरला, रात्रभर ओला पडला. ब्लीचिंग पावडर लागली असती तर काय झालं असतं? सतरा वर्षं वॉशिंगमध्ये आहेस, मी सांगू?"

पांढरे डाग पडले असते. मी खाली वाकून चौकडी न् चौकडी बघितली. एक ठिपका नव्हता. छातीवरची धोंड सरकावी तसं झालं.

"आणि टीचर, दुसरं. जी खोडी आधीच घाण मारते ती खोडी कसली? ब्लीचचा वास लिंगण्णाला हातभरावरनं आला असता. टॉवेल माझ्याच तोंडावर फेकला असता त्यानं."

"म्हणजे पावडर तुझ्या डबीत गेली ती..."

"तो पडल्यावर."

"कुणीतरी तुला पुढं केलंय," टीचर म्हणाल्या. "पण तेवढ्यानं तू सुटत नाहीस. मग त्याला झालंय काय?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. लिंगण्णाची बायको हुलिगेम्मा. मला उचलायचं धाडस होईना. टीचरनीच उचलला.

३

जिवंत होता. पण डॉक्टर विचारत होते, ह्यानं नाकातनं काय ओढलंय? फुप्फुसात पाणी भरतंय, तपकिरीनं असं होत नाही, काय ते कळलं तर पुढं काय वाढून ठेवलंय ते सांगता येईल.

टीचरना मोपेडवर मागं बसवून मी दवाखान्यात गेलो. वाटेत त्या दोनदा म्हणाल्या, "मी मेले तर तो दुसरा खून." हुलिगेम्मा वॉर्डाच्या दारात उभी होती. मला बघून तिनं तोंड फिरवलं.

"वैनी..."

"वैनी म्हणू नको. तुझ्या खोड्यांवर तो घरी येऊन हसायचा. मला सांगून सांगून हसायचा." तिनं टीचरच्या हातात एक पिशवी दिली. "नर्सनं अंगावरचं काढलं. हे बघा, हे काय झालंय त्याच्या करगोट्याला?"

कमरेचा चांदीचा करगोटा काळा पडला होता. जळल्यासारखा.

"जुनाच काळा असेल," मी म्हटलं.

"सणाला मी चिंचेनं घासलाय! आठ दिवस झाले नाहीत."

टीचरनी पिशवीतला जेवणाचा डबा काढला. त्याची कडी मोडकी, म्हणून हुलिगेम्मा झाकणाला दोन रबर बँड ताणून लावायची. दोन्ही जागोजाग आडवे चिरले होते. टीचरनी बोट लावलं आणि एक तटकन तुटला. पिशवीच्या तळाशी चार-पाच सुटे रबर बँड होते. ते त्यांनी ताणले. नवेकोरे.

"एकाच पुडीतले?"

"कालच पुडी फोडली," हुलिगेम्मा म्हणाली.

टीचर एकदम गप्प झाल्या. आठवीतही त्या अशा गप्प झाल्या की आम्ही बाकाखाली जायचो.

"ताणलेलं रबर आडवं चिरतं, सैल रबराला काही होत नाही. चांदी काळी पडते. असं करणारा एकच गॅस तुमच्या कारखान्यात आहे. एर्रिस्वामी, हा डबा काल दिवसभर कुठं होता?"

डबा कुठं असायचा ते मला पाठ होतं. ड्रमच्या समोर जमिनीत पंपाचा खड्डा आहे, चार पायऱ्या खाली. ह्या दिवसांत बाहेर त्रेचाळीस डिग्री, आणि त्या खड्ड्यात माठासारखा गारवा. लिंगण्णा सकाळी नऊला तिथंच चुरमुऱ्यांची मंडक्की आणि मिरची भजी खायचा, आणि दुपारी जेवून तासभर तिथंच पडायचा.

"पण टीचर, तो चार वाजता पडला! खड्ड्यातनं दोनलाच वर आला होता. चांगला होता. मला शिव्या दिल्यान् की."

"हीच तर त्याची चाल. ओझोन म्हणजे ऑक्सिजनच, पण दोघांच्या जोडीत तिसरा घुसलेला. त्या तिसऱ्याला तिथं राहवत नाही, जो भेटेल त्याच्यावर जाऊन बसतो. निळीवर बसला की रंग जातो. फुप्फुसावर बसला की ते सुजतं, पण लगेच नाही. काही तासांनी पाणी भरायला लागतं. एखाद्याला तर दुसऱ्या दिवशी."

म्हणजे चार वाजता कोण कुठं होतं ह्याला काही अर्थच नव्हता. सकाळी नऊ ते दोन मी घासायच्या शेडमध्ये दहा बायकांच्या समोर होतो. पण ह्यावर फौजदार विश्वास ठेवतील का? आणि घड्याळात साडेनऊ झाले होते.

टीचरनी डॉक्टरांना गाठून ओझोन सांगितला. डॉक्टर म्हणाले, "मग आजची रात्र महत्त्वाची."

४

परत आलो तर वॉशिंगमध्ये तिघंच होते. सरोजक्का ऑफिसात, मल्लेश फवाऱ्याजवळ, आणि मेकॅनिक विरुपण्णा ड्रमच्या पाशी बाकड्यावर.

सरोजक्काला मी घाबरतो. नवरा गेल्यावर हे वॉशिंग तिनं एकटीनं उभं ठेवलंय. तिनं मला आत येऊच दिलं नाही.

"एर्री, तू फाटकाबाहेर हो."

"अक्का, माझी शाळेतली टीचर आहे, तिचं ऐका नुसतं."

टीचरनी विचारलं, काल साडेचारला इथं कोण कोण होतं?

"मी रुग्णवाहिकेच्या मागं स्कूटरवर गेले. हा एर्री आत बसला होता, बॉयलरवाला पण. बायकांना मी घरी पाठवलं. राहिले मल्लेश आणि विरुपण्णा. का?"

"गॅस बाहेर आला असेल तर?"

"कसा येईल? घंटा आहे की." तिनं भिंतीकडं बोट केलं. "जरा गॅस सुटला की बोंबलते."

टीचरनी मान वर केली. घंटा छताला टेकली होती. ट्रॉल्या आदळतात, निळा कापूस बसतो, म्हणून आम्हीच ती वर सरकवली होती. वर्ष झालं, एकदाही वाजली नाही, आणि आम्ही म्हणायचो, काय मस्त मशीन आहे.

"सरोजा, ओझोन हवेच्या दीडपटीहून जड. तो जमिनीवरनं वाहतो आणि खड्ड्यात साचतो. गारव्यात तर जास्त टिकतो. तुमची घंटा वर, गॅस खाली. खाली माणूस मेला तरी ती वाजायची नाही."

सरोजक्कानं मला फाटकाबाहेर जायला परत सांगितलं नाही.

मल्लेश तसा चिडका. लिंगण्णाच्या जागेवर त्याचा दोन वर्षं डोळा. "त्याला वास नाही आला?" टीचरनी त्याला विचारलं.

"येतो ना. झेरॉक्सच्या दुकानात येतो तसला, तिखट. पण आपला नियमच आहे, नाकाला लागायचा थांबला म्हणजे गॅस गेला."

"गॅस नाही जात. नाक जातं. थोड्या वेळानं नाकाला तो कळतच नाही."

मल्लेशचे हात थांबले. "आम्ही सगळे असंच करतो," तो हळूच म्हणाला. त्यानं टेबलाला हात टेकला, तिथं पाच तपकिरी बोटं उठली. फवाऱ्याचं औषध जांभळं, पण हाताला लागलं की तपकिरी, आणि आठवडाभर निघत नाही. त्याच्या चहाच्या ग्लासावर, फोनवर, पोराच्या वहीवर, सगळीकडं त्याची बोटं.

उरला विरुपण्णा. गावात कुणाचं कसलंही मशीन बिघडो, विरुपण्णा कंपनीच्या माणसाच्या आधी पोचणार आणि कंपनीच्या माणसाला वेडा ठरवणार.

"या टीचर," तो म्हणाला. "ड्रम गळतोय म्हणता? चालवून दाखवतो." आणि खोकला. "धूळ हो. घशात बसलीय."

त्यानं ड्रम चालू केला. टीचरनी पर्समधनं कागदाच्या पट्ट्या काढल्या. वाटेत घरी थांबून साबुदाण्याची पेज आणि कसलंसं शाळेतलं मीठ लावून आणल्या होत्या. ओझोन लागला की ह्या निळ्या होतात, म्हणाल्या. मी दोरीला बांधून पट्टी खड्ड्यात सोडली. आम्ही दहा मिनिटं श्वास धरून बघत होतो.

पट्टी पांढरीच राहिली.

"बघा," विरुपण्णा म्हणाला. "गळती नाही. आता ह्या जोकराला ठाण्यात पाठवा."

मी घड्याळात बघितलं. पावणेअकरा.

५

टीचर ड्रमच्या दाराशी गेल्या. ड्रम बंद करायला लावला. आतला गॅस गरम पेटीतनं जाऊन त्याचा पुन्हा ऑक्सिजन व्हायला बारा मिनिटं लागतात, तोवर दार उघडत नाहीत.  त्या बारा मिनिटांत विरुपण्णा सारखा खोकत होता.

दार उघडलं. दाराभोवती पांढरी गुबगुबीत रबरी पट्टी, गॅस अडवणारी.

"ही पट्टी कधीची, विरुपण्णा?"

"मशीनबरोबर आलेली. दीड वर्ष."

मी तिथंच बोट लावलं. आमच्या वॉशिंगमध्ये दीड तास काहीही ठेवलं तरी त्यावर निळा कापूस चढतो. आमच्या कानात निळा कापूस, जेवणात निळा कापूस. पट्टीच्या खाचेत बोट फिरवलं आणि वर धरलं. बोट स्वच्छ.

"दीड वर्षाची पट्टी आणि कापूस नाही?" मी म्हटलं. "विरुपण्णा, मी आयुष्यभर लोकांना फसवत आलोय. तू मला फसवतोयस?"

"एर्री, तोंड सांभाळ."

"काल ड्रम गळत होता, आज गळत नाही," टीचर म्हणाल्या. "मधल्या वेळात पट्टी बदलली. जुनी कुठं गेली? माझ्या सांडग्यांवर. साडेचारला बॉयलरमध्ये रबर जळलं. इथं दोघंच होते. मल्लेश, हात दाखव."

मल्लेशनं तपकिरी हात पुढं केले.

"ह्यानं ही पांढरी पट्टी बसवली असती तर तिचा वाघ झाला असता. तिच्यावर एक तपकिरी डाग नाही. पण इथं, वरच्या कोपऱ्यात, काळ्या ग्रीसचा अंगठा आहे."

सरोजक्का जवळ आली. तिनं अंगठा बघितला, मग विरुपण्णाचे हात. "काल तीनला बेंगळूरच्या बसनं पार्सल आलं," ती म्हणाली. "तुझ्या नावाचं. मीच तुझ्या हातात दिलं, विरुपण्णा."

विरुपण्णा हसायचा प्रयत्न करत होता. "पार्सल आलं की बदलणारच होतो, अक्का. रविवारी स्क्रू ड्रायव्हर लागून जुनी फाटली. म्हटलं दोन दिवसांचा प्रश्न, खिडकीच्या काचेला लावतात ती काळी पट्टी बसवली. ड्रम थांबवला असता तर तुम्ही कंपनीचा माणूस बोलावला असता. मी असताना!" आणि परत खोकला. "साधं रबर इतक्या लवकर चिरेल असं कुणाला वाटलं होतं?"

"आणि माझी डबी?" मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. "तूच केलंस ह्यावर सगळ्यांचा लगेच विश्वास बसला असता. तपकिरीनं तूच तर आधी... मी फक्त चमचाभर घातली."

मला त्याची गचांडी धरायची होती. मी दोन पावलं गेलोही. पण तो खोकत बाकड्यावर बसला, आणि रुमाल तोंडावरनं काढला तेव्हा रुमालावर गुलाबी फेस होता.

तसा गुलाबी मी कालच बघितला होता.

"विरुपण्णा," टीचर एकदम बारीक आवाजात म्हणाल्या, "काल पट्टी काढताना बारा मिनिटं थांबला होतास का?"

तो मान हलवत होता. नाही. ड्रम चालूच होता. परत येतील सगळे म्हणून त्यानं लॉक ढिलं करून भरलेला ड्रम तसाच उघडला होता, आणि डोकं आत घालून पट्टी ओढली होती.

"वास आला," तो म्हणाला. "मग थांबला. मला वाटलं, गेला."

६

रुग्णवाहिकेची वाट बघितली नाही. मोपेडवर मी पुढं, मधे विरुपण्णा, त्याला मागनं धरून मल्लेश. त्याचं डोकं माझ्या पाठीवर आपटत होतं आणि माझा शर्ट ओला होत होता. रस्ताभर मी त्याला शिव्या देत होतो, म्हणजे तो झोपू नये. अक्कानं फौजदारांना फोन लावला होता. बारा वाजता मी ठाण्यात नव्हतो, आणि मला न्यायला कुणी आलं नाही.

त्याला लिंगण्णाच्याच वॉर्डात घातला, शेजारच्या खाटेवर. दुसरी खाट रिकामी नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिंगण्णानं डोळे उघडले. हुलिगेम्मानं मला आत बोलावलं. वैनी म्हणायची परवानगी अजून नव्हती. लिंगण्णानं मास्क जरा वर केला आणि शेजारच्या खाटेकडं बघितलं. तिथं विरुपण्णा, तोंडावर तसलाच मास्क, दारात हवालदार.

"ह्याला काय झालं?"

हुलिगेम्मानं माझ्याकडं बघितलं. खोटं बोलायला मला कधी जड गेलं नव्हतं. एखादी गंमत जोडून सांगितली असती तर तो हसलाही असता, आणि हसला असता तर परत खोकला लागला असता. मी सगळं होतं तसं सांगितलं. पट्टी, खड्डा, डबी. आणि तपकीर माझी होती हेही.

लिंगण्णानं मान वळवून परत त्या खाटेकडं बघितलं.

"जगेल का तो?"

"डॉक्टर म्हणतात जगेल. वेळ लागेल."

"चांगली काळजी घ्यायला सांग त्यांना," लिंगण्णा म्हणाला आणि मास्क खाली ओढला. मग परत वर केला. "बरा झाला की मला त्याच्याशी बोलायचंय."